४५५४५, दोन मार्क

शुक्रवारी ऑफिसातून जरा लवकर सटकलो, हुतात्मा पकडली आणि रात्री सोलापूर. ताईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून ठेवली होती. शनिवार झोपण्यात गेला. रविवारी सकाळी भाचा म्हणाला, "मामा, चला, सात रस्त्याला चहा मारून येऊ."

भाचा स्वतःहून मामाला चहाला नेतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं, हे मला कळायला हवं होतं. (मीही त्याच्या वयात माझ्या मामाला असाच न्यायचो. तेव्हा विषय बहुधा पैशांचा असायचा :-) )

यावेळी विषय पैशांचा नव्हता. चहा येईपर्यंत त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे तो, आणि कॅम्पस प्लेसमेंटच्या तयारीसाठी एका क्लासला जातो. क्लासचं नाव सांगत नाही, कारण दोष एका क्लासचा नाहीच. तर तो कागद म्हणजे सराव परीक्षेचा पेपर. प्रश्न १७, मार्क दोन. इथे मी तो देवनागरीत लिहितो, कंपायलरला नाही तर तुम्हाला वाचायचाय म्हणून:

न = ५;
छापा(न++, न--, ++न, --न, न);

आउटपुट काय येईल? अ) ४५५४५ ब) ५६६५५ क) ५५५५५ ड) एरर येईल

भाच्यानं एकाही पर्यायावर खूण केली नव्हती. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "ठरवता येत नाही." त्यावर लाल पेनानं भलंमोठं शून्य.

"सरांना विचारलंस का?"

"विचारलं की. म्हणाले, कंपायलरला ठरवता येतं, तुला येत नाही होय? सगळा वर्ग हसला."

"मग?"

"मग काय... मामा, पुढच्या आठवड्यात खरी टेस्ट आहे कंपनीची. असाच प्रश्न हमखास असतो म्हणतात. तुम्ही एवढी वर्षं कोडिंग करताय. खरं लिहू का मार्क मिळतील ते लिहू?"

चहा आला. मी उत्तर दिलं नाही. त्या क्षणी मला देताच आलं नाही, आणि म्हणून हा लेख.

आधी त्या प्रश्नाचं बघू. तो आजचा नाही. ४५५४५ हे उत्तर मी ओळखतो, तुमच्यातले बरेच जण ओळखत असतील. सी भाषेच्या 'अॅप्टिट्यूड' प्रश्नांची एक पीडीएफ आमच्या वेळी पेनड्राइव्हवरून हॉस्टेलभर फिरायची. लेखक कोण, माहीत नाही. वर्ष कोणतं, माहीत नाही. अशा पीडीएफला कोणी माय-बाप नसतो आणि म्हणूनच तिला कोणी उलटून विचारत नाही. त्यात हाच प्रश्न आणि हेच उत्तर. ऐकायला रेल्वेगाडीचा नंबर वाटतो, पण पिढ्यानपिढ्या पाठ केलाय पोरांनी.

भाचा मात्र पाठ करून थांबणाऱ्यातला नाही. त्यानं तोच प्रोग्राम तीन ठिकाणी चालवून बघितला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये, त्या निळ्या स्क्रीनच्या टर्बो सी वर: ४५५४५. स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये जीसीसी वापरून: ४५५५५. मित्राच्या मॅकबुकवर: ५६६५५. (मॅकवर तुम्ही जीसीसी असं टाईप केलंत तरी आतून धावतो तो क्लँग.) भाषा तीच, ओळ तीच, उत्तरं तीन. जीसीसीचं उत्तर तर पर्यायांमध्येच नाही! आणि क्लँगचं उत्तर आहे, पण 'चूक' म्हणून आहे.

आता यातला बरोबर कंपायलर कोणता? तिन्ही बरोबर. कारण सी भाषेचं स्टँडर्ड असं म्हणतं की फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटच्या किमती कोणत्या क्रमानं काढायच्या, हे भाषेनं ठरवलेलं नाही. डावीकडून काढा, उजवीकडून काढा, मधूनच सुरू करा. शिवाय एकच व्हेरिएबल मध्ये न थांबता दोनदा बदललं, की मामला 'ठरवलेलं नाही'च्याही पुढे जातो. तिथे स्टँडर्ड सरळ हात वर करतं. कंपायलरनं काहीही केलं तरी तो नियम मोडत नाही. पहिल्या प्रकाराला अनस्पेसिफाइड म्हणतात, दुसऱ्याला अनडिफाइंड. पहिल्यात शक्य त्या क्रमांपैकी कुठला तरी एक नक्की असतो. दुसऱ्यात तेवढीही हमी नाही. जीसीसीचं ४५५५५ बघा. ते सरळ डावीकडून उजवीकडे केलं तरी येत नाही आणि उजवीकडून डावीकडे केलं तरी येत नाही. कुठल्याही 'क्रमानं' न येणारं उत्तर आहे ते, आणि तरी कायदेशीर आहे.

म्हणजे पेपरात "ठरवता येत नाही" लिहिणारं माझ्या भाच्याचं उत्तर हे एकमेव बरोबर उत्तर होतं. आणि त्याला शून्य.

सात रस्त्याला टपरीवर बसून समोरचा चौक बघत होतो. नावाप्रमाणे सात रस्ते येऊन मिळतात. सिग्नल बंद असला की कोण आधी घुसणार? नियम असा की चौकात आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सातही रस्त्यांवर एकेक सज्जन माणूस थांबला आणि प्रत्येकानं उजवीकडच्याची वाट बघितली, तर सातही जण संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहतील :-) प्रत्यक्षात रंगभवनच्या बाजूनं एक रिक्षा आली आणि कोणाकडेही न बघता निघून गेली. आता मी जर डायरीत लिहिलं, की सात रस्त्याला रंगभवनकडची रिक्षा आधी जाते, आणि उद्या त्यावर पेपर काढला: 'सात रस्त्याला पहिलं वाहन कोणतं जातं? २ मार्क. उत्तर: रिक्षा.' तर तुम्ही मला येड्यात काढाल. बरोबरच आहे. पण ४५५४५ म्हणजे दुसरं काय आहे? कोणीतरी एकदा, एका कंपायलरवर, एक रिक्षा जाताना बघितली आणि लिहून ठेवली.

तो एक कंपायलर म्हणजे बोरलँडचा टर्बो सी. पहिला १९८७ साली आला. आपल्या कॉलेजांतून ज्याला टर्बो सी म्हणायचे, तो बहुतेक ठिकाणी नव्वदीच्या सुरुवातीचा टर्बो सी प्लस प्लस ३.० असायचा. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड निघालं १९९८ मध्ये. म्हणजे भाषा पूर्ण ठरायच्या आधीचं ते अवजार. डॉस गेलं, बोरलँडनं तो कंपायलर सोडून दिला, आपण मात्र डॉसबॉक्स टाकून तो निळा पडदा जिवंत ठेवला. एका मेलेल्या कंपायलरच्या सवयीला आपण भाषेचा नियम केलंय, हे माझं मुख्य भांडण आहे.

आणि त्या सवयीमागचं जे 'स्पष्टीकरण' शिकवतात ते तर कहरच. "सी मध्ये आर्ग्युमेंट उजवीकडून डावीकडे जातात, म्हणून किंमतही उजवीकडून काढली जाते." नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आपण सगळ्यांनी वाचलंय. मीही सी त्यातूनच शिकलो, आणि साध्या भाषेत शिकवणारं पुस्तक म्हणून आजही त्याचं ऋण मानतो. पण माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत कॉलिंग कन्व्हेन्शनच्या भागात नेमकी हीच सांगड घातलेली आहे, तीही याच जातीचं उदाहरण देऊन. त्या फिरत्या पीडीएफमध्ये तर वेगळीच गंमत: आर्ग्युमेंट स्टॅकवर डावीकडून ढकलतात आणि वरून काढत काढत किंमत काढतात, म्हणून क्रम उलटा! एका ठिकाणी उजवीकडून ढकला, दुसऱ्या ठिकाणी डावीकडून ढकला, उत्तर मात्र दोन्हीकडे टर्बो सी चंच. उत्तर आधी आणि कारण नंतर शोधलं की असंच होतं.

खरी गोष्ट काय आहे? प्रिंटएफसारख्या फंक्शनला आपल्याला किती आर्ग्युमेंट आली हे आधी माहीत नसतं. पहिलं आर्ग्युमेंट वाचून त्याला ते कळतं. म्हणून पहिलं आर्ग्युमेंट ठरलेल्या जागी, स्टॅकच्या सगळ्यात वर सापडायला हवं. म्हणजे ते शेवटी ठेवायला हवं. म्हणून जुन्या इंटेल मशीनवर सी ची आर्ग्युमेंट उजवीकडून ठेवत यायची पद्धत पडली. हा झाला *ठेवण्याचा* क्रम. *किंमत काढण्याचा* क्रम ही वेगळी गोष्ट. पंगतीत पानावर पहिलं मीठ वाढतात, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. म्हणून स्वयंपाकघरात आचाऱ्यानं सकाळी पहिल्यांदा मीठ शिजवलं असं कोणी म्हणतं का? शिजवायचा क्रम आचाऱ्याचा, वाढायचा क्रम पंगतीचा. टर्बो सी चा आचारी आळशी होता, एकेक पदार्थ करून लगेच वाढायचा, म्हणून दोन्ही क्रम एक दिसायचे. एवढंच.

आणि आजच्या ६४ बिटी इंटेल मशीनवर, लिनक्स किंवा मॅकमध्ये, पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट स्टॅकवर जातच नाहीत, रजिस्टरमध्ये जातात. स्टॅकच नाही, तर उजवीकडून ढकलणार काय, कपाळ?

अजून एक घोळ याच कुळातला. शाळेत आपण 'कंचेभागुबेव' शिकलो. आधी कंस, मग चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलंय की गुणाकार 'आधी होतो'. प्रोग्रामिंगमध्येही तेच लावतो आपण. अ() + ब() * क() असं लिहिलं, तर ब आणि क आधी चालतील, अ नंतर. चूक! कंचेभागुबेव फक्त एवढंच सांगतं की कोणी कोणाला चिकटायचं. ब आणि क चा गुणाकार होणार आणि तो अ मध्ये मिळवला जाणार, इतकं नक्की. पण तिन्ही फंक्शनपैकी आधी कोण धावणार हे सी मध्ये कोणीच सांगितलेलं नाही. कदाचित अ आधी. तिघंही फक्त आकडा परत देत असतील तर काही फरक पडत नाही. पण अ नं फाईल उघडली आणि ब नं त्यातून वाचलं, तर?

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. सांगायला आवडत नाही, पण सांगतो.

कॉलेजात मला या प्रश्नाचे पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. उजवीकडून डावीकडे. झटकन सोडवायचो, बोटांवर मोजत. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका कर्जवसुलीच्या सॉफ्टवेअरमध्ये हप्त्याची तारीख फाईलमधून वाचायचं काम माझ्याकडे आलं. फाईलमध्ये आधी महिना, मग दिवस. आणि तारीख बनवणाऱ्या फंक्शनला हवा होता आधी दिवस, मग महिना. मी काय लिहिलं?

देय(वाच(), वाच());

आणि वर कॉमेंट, मोठ्या दिमाखात: सी उजवीकडून डावीकडे जातं, त्यामुळे महिना आधी वाचला जाईल. दोन ओळींचं काम एका ओळीत. स्वतःवरच खूश झालो होतो. रिव्ह्यू करणाऱ्यानंही वाहवा केली, कारण तोही त्याच पीडीएफवर वाढलेला.

जीसीसीवर ते तीन वर्षं बिनबोभाट चाललं. २०१४ मध्ये वसुलीला फिरणाऱ्या लोकांसाठी आयपॅडवरची आवृत्ती काढली. तोच कोड, पण आता कंपायलर क्लँग. क्लँग डावीकडून सुरू करतो. महिना गेला दिवसाच्या जागी, दिवस महिन्याच्या. तुम्ही म्हणाल, लगेच फुटेल की, १५ वा महिना कुठून येणार? तिथेच गोम होती. त्या ग्राहकाचे सगळे हप्ते ५ किंवा १० तारखेचे. कुठलीही तारीख उलटी केली तरी वैधच. आमच्या टेस्टमध्ये एकच नमुना होता, तो ५ मे चा. उलटा केला तरी ५ मे.

५ डिसेंबरला येणारा हप्ता आयपॅडवर दिसत होता १२ मे चा. नोव्हेंबर महिना चालू होता. म्हणजे यादीप्रमाणे सहा महिने थकलेला. वसुलीचा माणूस एका शिक्षकाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि शेजाऱ्यांच्या समोर जे बोलायचं ते बोलला. त्या शिक्षकांनी कर्ज घेतल्यापासून एकही हप्ता चुकवलेला नव्हता. आमच्याकडे हे सगळं आलं ते तक्रार नोंदीतल्या एका ओळीत: "ग्राहक म्हणतो तारीख चुकीची आहे." अशा अकरा ओळी आल्या, तेव्हा कुठे कोणी तरी कोड उघडला. कॉमेंटखाली माझं नाव होतं.

कंपायलरनं एक शब्दही वॉर्निंग दिली नव्हती. पेपरातली ती न++ वाली ओळ दिली तर जीसीसी आणि क्लँग दोघंही वॉर्निंग देतात, सगळ्या वॉर्निंग चालू ठेवल्या तर. पण दोन फंक्शन कॉल आहेत आणि दोन्ही एकाच फाईलमधून वाचतायत, हे त्यांना दिसत नाही. म्हणजे पेपरात येणारा प्रकार कंपायलर पकडतो आणि जो खऱ्या कामात चावतो तो पकडत नाही. तो पकडायला माणसाच्या डोक्यात "हा क्रम ठरलेला नाही" एवढी एक घंटी वाजावी लागते. माझ्या डोक्यातली ती घंटी शिक्षणानं नुसती बसवली नाही असं नाही, होती ती काढून टाकली आणि त्याबद्दल दोन मार्क दिले.

दुरुस्ती काय केली? महिना = वाच(); दिवस = वाच(); देय(दिवस, महिना); संपलं. पाचवीतला पोरगा लिहील असा कोड.

आता समोरून जे युक्तिवाद येतात ते मला पाठ आहेत, कारण त्यातले काही मी स्वतः केलेत. हो, पुण्यात इंटरव्ह्यू घेताना मीही असले प्रश्न विचारलेत. दोन वर्षं. "अवलंबून आहे" म्हणणाऱ्या एका मुलीला मी 'बेसिक कच्चं' असा शेरा मारून परत पाठवलं होतं. आज ती कुठे असेल माहीत नाही. माझ्यापेक्षा बऱ्या ठिकाणी असावी ही इच्छा.

पहिला युक्तिवाद: "यातून विद्यार्थ्याला स्टॅक समजलाय का ते कळतं." नाही कळत. वर सांगितलं तसं, स्टॅकचा याच्याशी संबंधच नाही. स्टॅक बघायचाय तर रिकर्शन विचारा, लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत दिला तर काय होईल ते विचारा.

दुसरा: "प्रत्यक्ष कामात कंपायलर एकच असतो, तो काय करतो ते माहीत असावं." माझा कंपायलरही तीन वर्षं एकच होता. शिवाय त्याच कंपायलरची पुढची आवृत्ती, किंवा ऑप्टिमायझेशनचा वेगळा स्तर, वेगळं उत्तर देऊ शकतो आणि तुम्हाला कळवायलाही बांधील नाही. पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरसाठी सी लिहिणारी पोरं आहेत, त्यांना विचारा. त्यांच्याकडे मिस्रा नावाची नियमावली असते (मिश्रा नव्हे!). तिच्या २०१२ च्या आवृत्तीत स्पष्ट नियम आहे, की किंमत काढायचा क्रम बदलला तरी उत्तर बदलता कामा नये, असंच लिहा. म्हणजे ब्रेक आणि एअरबॅगच्या कोडमध्ये जी ओळ लिहायला बंदी आहे, तीच सोडवून दाखवली तर आपण पोरांना हुशार म्हणतो.

तिसरा युक्तिवाद जरा खरा आहे: "बहुपर्यायी प्रश्नाला एक उत्तर लागतं." मान्य. पण मग एक पर्याय 'भाषेनं ठरवलेलं नाही' असा ठेवा ना! त्यापेक्षा प्रश्नच बदला. ती ओळ द्या आणि विचारा: यात चूक काय आहे, आणि कुठल्याही कंपायलरवर एकच उत्तर येईल अशी कशी लिहाल? दोन मार्क. तपासायला दहा सेकंद जास्त लागतील.

आणि हे काही नवीन ज्ञान नाही हो. सी बनवणाऱ्या डेनिस रिची आणि ब्रायन कर्निगन यांच्या पुस्तकात, १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत, दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या भागात नेमकं असंच प्रिंटएफचं उदाहरण आहे, आणि त्याच्या शेजारी 'चूक' असा शिक्का मारलेला आहे. ते 'आउटपुट सांगा' म्हणत नाहीत. असं लिहू नका म्हणतात. भाषेच्या जन्मदात्यानं चूक म्हणून दाखवलेली गोष्ट आपण स्वाध्याय म्हणून घेतली.

पण सगळा राग मास्तरांवर काढून मला गप्प बसायचं नाही. भाषा करणाऱ्यांचंही चुकलंय. क्रम मोकळा सोडण्यामागे कारण होतं: सत्तरच्या दशकातली छोटी मशीन, कंपायलरला आडवंतिडवं करायला मोकळीक हवी. ठीक. पण १९९६ मध्ये जावाचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं आणि त्यात सरळ लिहिलं, डावीकडून उजवीकडे. सी शार्पनं तेच केलं, जावास्क्रिप्टमध्ये तेच, रस्टमध्ये तेच. आकाश कोसळलं नाही. जिथे क्रमानं काही फरकच पडत नाही तिथे कंपायलर अजूनही पडद्याआड हवं ते करू शकतो, कारण बाहेरून दिसणारं उत्तर तेच राहतं. म्हणजे वेग जातो हे रडगाणं बऱ्याच अंशी पोकळ आहे. (सी एकटी नाही म्हणा. स्कीम आणि ओकॅमल या भाषांनीही क्रम मोकळाच ठेवलाय.)

सी प्लस प्लसवाल्यांना तर संधी चालून आली होती. गेब्रिएल दोस रेईस, हर्ब सटर आणि जोनाथन केव्हज यांनी प्रस्ताव मांडला, की आता क्रम ठरवून टाकू. त्यांचं उदाहरण कुठलं? खुद्द भाषेच्या जनकाच्या, बियार्न स्ट्रूस्ट्रुपच्या २०१३ च्या पुस्तकातलं. वाक्यातले शब्द एकामागोमाग एक बदलणारी साखळी होती ती, तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेली, आणि तिचं उत्तर क्रमावर अवलंबून! म्हणजे जनकही यात पडला, तिथे आपण कोण. २०१७ च्या स्टँडर्डमध्ये अशा साखळ्यांचा क्रम ठरवला, सी-आउटच्या बाणांचा ठरवला, असाइनमेंटचा ठरवला. आणि फंक्शनच्या आर्ग्युमेंटपाशी येऊन कच खाल्ली. तिथे फक्त एवढंच कबूल केलं, की एकाची किंमत काढताना मध्येच दुसऱ्याची सुरू करणार नाही. आधी कोणाची, ते अजूनही मोकळंच. त्यामुळे आज गंमत अशी, की तीच न++ सी-आउटच्या बाणांनी छापली तर २०१७ पासून उत्तर पक्कं आहे, प्रिंटएफनं छापली तर नाही. आणि सी भाषेनं तर तेवढंही केलं नाही. २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या सी-२३ मध्येही ते जसंच्या तसं आहे. माझी ती देय(वाच(), वाच()) वाली ओळ आज कोणी पुन्हा लिहिली, तर आजही निमूट कंपाईल होईल.

असो. टपरीवर परत येतो.

दुसरा चहा सांगितला. भाच्याला वरची सगळी गोष्ट सांगितली, शिक्षकांच्या दारातल्या माणसापर्यंत. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मामा, तुमचं उत्तर बरोबर धरलं म्हणून ते झालं."

हो. म्हणून झालं.

"मग मी काय लिहू?"

मी त्याला खरं तेच सांगितलं: कंपनीच्या टेस्टमध्ये पर्यायात 'ठरवता येत नाही' असेल तर ते. नसेल, तर टर्बो सी चं उत्तर टाक आणि पुढे जा, कारण तिथे वाद घालायला समोर माणूस नसतो. हे सांगताना मला लाज वाटली. पण क्लासमध्ये समोर माणूस आहे. तिथे वाद घालता येतो.

त्याच दुपारी त्याच्याकडून सरांचा नंबर घेऊन फोन केला. मला वाटलं होतं, वाजेल चांगलंच. पण माणूस भला निघाला. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. मला पण जीसीसीवर वेगळं आलं होतं एकदा. पण प्रश्नसंच तयार येतो आमच्याकडे, उत्तरांसकट. वर्गात हो-नाही करत बसलो तर पोरं गोंधळतात, आणि फी भरणारे आईबाप विचारतात, सरांना उत्तर पण माहीत नाही का."

मी म्हटलं, "सर, एक तास द्या मला."

थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "या पुढच्या रविवारी. अकरा वाजता. पण पोरांसमोर मला तोंडघशी पाडू नका बरं का."

शुक्रवारचं हुतात्माचं तिकीट काढलंय. लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये टर्बो सी, शेजारी जीसीसी आणि क्लँग टाकून ठेवलेत. पहिला प्रोग्राम सरांनाच चालवायला सांगणार आहे.